मालनच्या गाण्यांतल्या मोकळ्या जागा

जळगावात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दिवसभर मशीन चालतं आणि शेजारी मोबाइलवर गाणी चालतात. गेल्या हिवाळ्यात 'वाघूर' नावाचा पाच गाण्यांचा छोटासा संच समोर आला. आमच्याकडे वाघूर ही नदी. तिच्या धरणाचं पाणी पितो आम्ही, म्हणून मोठ्या कौतुकानं लावला. नदीचा कुठे पत्ताच नाही! मुक्कामाला मेंढरं कोंडायला धनगर जाळं लावतात, त्याला वाघूर म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. गाणारीचं नाव मालन, साताऱ्यात एसटीत कंडक्टर. गाणी स्वतः बांधलेली, स्वतः म्हटलेली, भाड्याच्या खोलीत खिडकीला गोधडी लावून रेकॉर्ड केलेली. मागे पेटी नाही, ढोल नाही. नुसता आवाज, आणि प्रत्येक ओळीनंतर एक मोकळी जागा. ओळ संपली की बाई गप्प बसते. जेवढी ओळ तेवढीच गप्प. मग पुढची ओळ.

त्या मोकळ्या जागांच्या मी प्रेमात पडले. मालन थांबली की तेवढ्यात माझ्या मशीनचा आवाज यायचा, मग पुन्हा ती. दोघी मिळून काहीतरी करतोय असं वाटायचं. मी संचाखाली लांबलचक अभिप्राय लिहिला, तिनं उत्तर दिलं, मग फोन सुरू झाले. मार्चच्या सुरुवातीला ती म्हणाली, "मावशी, रविवारी आमच्या वाडीत बिरोबाच्या देवळात म्हननार हाय. तितं माज्या बाजूचं कुनीच न्हाई. तुमी येता का?"

तिला मी एकदाही पाहिलेलं नव्हतं. तरी हो म्हणून बसले. घरचे म्हणाले, "पाच गाण्यांसाठी एवढ्या लांब? ती मोबाइलवर फुकट ऐकू येतात की." मी म्हटलं, मग फोटोत देव दिसतो तर देवळात कशाला जाता?  केळ्याच्या वेफर्सची पिशवी घेतली आणि निघाले.

सातारा

स्टँडवर उतरले तर खाकी कपड्यातली एक सावळी, उंच बाई पाटणच्या गाडीतून उडी मारून थेट माझ्याकडे आली. "आलासा मावशी? वळकलं मी. तोंडावरनं न्हाई, आवाजावरनं. हमालाशी भांडत व्हता न्हवं?" भांडत होते हे खरं. त्यानं माझी वेफर्सची पिशवी ट्रंकेखाली दाबली होती.

पाटणची तिची नेहमीची फेरी. संचातलं पहिलं गाणं त्याच रस्त्यावरचं आहे. कोयनेच्या बाजूची एक म्हातारी गाडीत चढते आणि म्हणते, मला लेकाच्या चौकीचं तिकीट दे. लेक सैन्यात, चौकी कुठे ते तिला ठाऊक नाही. कंडक्टर तिला पुढच्या थांब्याचं तिकीट देते, आणि म्हातारी ते पदराच्या गाठीत बांधते. एवढंच गाणं. ऐकताना माझ्या हातून एकदा बाही उलटी जोडली गेली होती. मी मालनला विचारलं, हे खरं घडलं का? ती म्हणाली, "तशा दोघीतिघी भेटल्या. गाडीत चौघीतली एक तरी फौजीची आय असतीच." 

चहा पिताना मी तिच्या त्या थांबण्याचं कौतुक सुरू केलं. काय धाडस आहे, काय संयम आहे वगैरे. ती बशीतला चहा फुंकत माझ्याकडे बघत राहिली.

"मावशी, ती शांतता न्हाई. ती तात्याची जागा हाय."

तात्या म्हणजे तिचे वडील. वाडीच्या ओवी मंडळाचे म्होरके. त्यांच्या मंडळाची रीत अशी, की एकजण ओळ म्हणतो आणि समोरचा ती उचलतो. त्याला झील धरणं म्हणतात. झील धरली की ओळ पक्की. झील धरली नाही तर ओळ पडली, ती पुन्हा म्हणायची नाही. शिवाय धरणाऱ्याला ओळ आवडली नाही तर तो उचलतानाच एखादा शब्द बदलून देतो, आणि मग बदललेलीच ओळ खरी. आमच्याकडे भजनात मागचे लोक टाळ वाजवून डुलतात, पण बुवाची ओळ बदलायला गेलं तर बुवा टाळ फेकून मारेल. इथे तो मानाचा हक्क. तात्या पन्नास वर्षं झील धरत आलेले. लहानपणी वाघुरीत कोकरांशेजारी झोपवलेली मालन त्या आवाजावरच झोपायची आणि त्याच आवाजानं उठायची.

"मी गानी केली ती त्येंच्यासाटी जागा सोडून. दिवाळीला चुलतभावाच्या फोनवरनं धाडली. म्हटलं, ऐकतील, येतील, म्हनतील. तात्यांनी काय निरोप धाडला म्हाईत हाय? अर्धं गानं आपन ऐकत न्हाई. तवापास्नं बोललं न्हाईत. आता आख्खी वाडी म्हनती, तुज्यापायी मंडळ बंद पडलं, म्हातारा रुसून बसला."

आणि वर पुण्याचा एक स्टुडिओवाला मागे लागलेला. त्याला गाणी आवडली होती, पण मोकळ्या जागा नको होत्या. तिथे बासरी घालू, कोरस घालू म्हणत होता. सोमवारी त्याला उत्तर द्यायचं होतं. मालननं ठरवून टाकलं होतं: रविवारी देवळात पाचवं गाणं म्हणायचं. तात्यांनी झील धरली तर जागा त्यांची. नाही धरली, तर पुण्याला हो सांगायचं आणि वाडीचं नाव कायमचं सोडायचं.

"बासरी?" मी ओरडलेच. "त्या म्हातारीच्या गाण्यात बासरी?"

"मोकळी जागा किती दिस ठेवायची, मावशी? येनारा येत न्हाई तर."

मला तिचा राग आला, त्या स्टुडिओवाल्याचा आला, आणि न पाहिलेल्या तात्यांचा तर सगळ्यात जास्त आला.

रहिमतपूर, विटा

दुसऱ्या दिवशी तिची रजा. आम्ही निघालो. रहिमतपूरच्या आसपास दोन्ही बाजूंना ऊस, आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या इतक्या की आमच्या ड्रायव्हरनं तीन पिढ्यांचा उद्धार केला. आमच्याकडे केळीचे असे बाग असतात, पण केळी कशी जरा लाजून उभी असते. ऊस अगदी अंगावर येतो. तिसरं गाणं इथलं, कोरड्या गावातून उसाच्या गावात दिलेल्या पोरीचं:

*दिली उसाच्या गावात, पानी उशाशी वाजतं,*
*माज्या म्हायेरचा वढा, कोरडा सपनात वाहतो.*

कोरडा ओढा स्वप्नात वाहतो! ही ओळ मला आधी कळलीच नव्हती. विट्याच्या पुढे गेल्यावर कळणार होती.

विट्यात गाडी बदलायची होती. इथली माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात. जळगावही सोन्याचं, पण आमच्याकडे लोक सोनं घ्यायला येतात. इथले लोक सोन्यामागे मुलूख सोडून जातात. दुसऱ्या गाण्यात भाऊबीजेला आलेला असाच एक भाऊ आहे. ओवाळताना बहिणीला त्याच्या हाताचा ॲसिडचा वास येतो. सोन्याला वास नाही, दादाला आहे, असं ती म्हणते. स्टँडवर अशाच एका तरुणाला निरोप द्यायला सात-आठ बायका आल्या होत्या. कोणी रडत नव्हतं. एकजण सारखी त्याची कॉलर सरळ करत होती. मालन त्या बाईकडे बघत होती आणि मी मालनकडे.

वाडीच्या गाडीत एका गृहस्थानं तिला ओळखलं. पांढरा पटका, मोठ्या मिशा. हे शिदूमामा, मंडळातले जुने ढोलकरी. "आलीस व्हय गं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "बापाचं तोंड बंद करून गावभर गानी म्हनती. ढोलाला उंदीर लागलं आमच्या."

मालन खिडकीबाहेर बघत राहिली. माझ्या जिभेवर आलं होतं, पण तिनं माझा हात दाबला.  बाहेर ऊस संपला, ज्वारीची कापलेली रानं आली, मग नुसती कुसळं आणि दगड. एक ओढा लागला. त्यात गोटे होते, गुरं होती, प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, पाणी तेवढं नव्हतं.

वस्ती

वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आटपाडीच्या अंगाला आहे एवढं पुरे. मालनचं घर वाडीपासून जरा दूर, रानातल्या वस्तीवर. दोन पत्र्याच्या खोल्या, एक लिंब, पंधरावीस मेंढरं. पूर्वी तीनशे होती म्हणे. भोवती लावलेली वाघूर मी हातानं चाचपून पाहिली. इतके महिने ज्या नावाची गाणी ऐकत होते ते नाव म्हणजे जाड सुताचं, गाठी मारलेलं, मेंढरांच्या वासाचं जाळं. चौथं गाणं या जाळ्याचं आहे. आत पोर झोपलंय, बाहेर लांडगा आहे, मध्ये फक्त सूत.

मालनची आई, तिला सगळे आक्का म्हणतात, धावत आली. लेकीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि मलाही तसंच केलं. तात्या लिंबाखाली बसले होते. धिप्पाड माणूस, खांद्यावर घोंगडं, आणि मार्चच्या उन्हात गळ्याला घट्ट मफलर. मालन पाया पडली. त्यांनी हात तिच्या डोक्याजवळ आणला. मग तो तसाच मागे घेतला, उठले आणि मेंढरांकडे निघून गेले. एक शब्द नाही.

"अगं बाई, काय माणूस आहे हा!" मी म्हणाले.

"त्येंचं असंच," आक्का घाईघाईनं म्हणाल्या. "बसा, माडगं देते."

हुलग्याचं माडगं मी पहिल्यांदा प्यायले. गरम, घट्ट, पोटाला धरून ठेवणारं. बाजरीची भाकरी आणि खर्डा होता. आम्ही खानदेशी तिखटाला भीत नाही असं मी सांगून ठेवलं, आणि पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. आक्का खळखळून हसल्या. माझ्या वेफर्सचा ट्रंकेखाली भुगा झाला होता. त्यांनी तो भाकरीवर पसरून त्यावर तेल सोडलं आणि म्हणाल्या, "लय ग्वाड लागतंय की!" मालन मात्र जेवली नाही. ती आत तिचा माईक आणि बॅटरीवरचा छोटा स्पीकर तपासत बसली होती. तात्या माईकला काय म्हणायचे ते तिनं मला गाडीतच सांगितलं होतं: आवाज हाय त्याला माईक कशाला, आणि न्हाई त्यानं म्हनावं कशाला?

मला काही चैन पडेना. दुपार कलली तशी मी उठले आणि रानात निघाले. म्हटलं, या माणसाला चार शब्द सुनावल्याशिवाय मी काही जळगावला परत जात नाही.

बांधाच्या पलीकडे तात्या पाठमोरे उभे होते. कानाला मोबाइल. जवळ गेल्यावर ऐकू आलं. मालनचा आवाज. पाचवं गाणं. ओळ संपली, मोकळी जागा आली, आणि तात्यांचा डावा हात कानावर गेला, मान वर झाली, गळ्याच्या शिरा ताणल्या, ओठ हलू लागले. अख्खी ओळ त्यांनी म्हटली. आवाज मात्र आला नाही. जवळच्या मेंढरानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

माझा राग अजून उतरला नव्हता. "अहो, मग मोठ्यानं म्हणा की!" मी ओरडले. "चोरून कशाला? ती पोर तिकडे न जेवता बसलीय."

ते दचकून वळले. मग हळूच मफलर सोडला. गळ्यावर आडवा, ताज्या कातडीचा व्रण होता.

"आवाजच न्हाई, ताई," ते म्हणाले. म्हणाले म्हणजे काय, कोरड्या पानावरून वारं जावं तेवढंच. मला ओठांकडे बघूनच कळलं. "गनपतीत मिरजंला कापलं. गाठ व्हती. जीव ऱ्हायला, ह्यो गेला."

 गणपतीत! म्हणजे दिवाळीला गाणी आली तेव्हा या माणसाकडे झील धरायला काही उरलंच नव्हतं. लेकीनं बाप रुसला म्हटलेलं बरं, म्हणून हे स्वतःच रुसले. मिरजेला गेले तेव्हा वाडीला सांगितलं, पाव्हण्यांकडे लग्न आहे. परत आल्यावर घसा बसल्याचं सांगत दिवस काढले, आणि दिवाळीला गाणी आली तसा त्यांचं निमित्त करून अबोला धरला. अबोल्याला आवाज लागत नाही.

"तिला सांगा ना," मी म्हणाले. "वाडी तिच्या नावानं बोटं मोडतेय. तुमच्या रुसण्याचं पाप तिच्या माथी बसलंय."

त्यांचा चेहरा पडला. वाडीतल्या बोलण्याचं त्यांना ठाऊक होतं. पण ते मान हलवत राहिले. "पन्नास वर्सं म्हनलो. आता लेकीनं माजी कीव करायची? आन् तिला कळलं तर ती गानं सोडंल. मी वळकतो तिला." मग कमरेची चंची सोडली, त्यातला भंडारा काढला आणि माझा हात ओढून तळव्यावर ठेवला. "बिरोबाचा हाय. मालनला सांगनार न्हाई म्हना."

भंडारा हातात घेऊन शब्द दिला की या लोकांत तो मोडत नाहीत. मला ते माहीत होतं. चौथ्या गाण्यातला बाप राखणीचा शब्द तसाच देतो. हात झटकून टाकता आला असता. पण समोर तो एवढा मोठा माणूस, डोळे भरलेले, ओठ हलतायत. मी 'नाही सांगणार' म्हणाले. म्हटल्याबरोबर वाटलं, आपण काय करून बसलो! मला मालननं तिच्या बाजूचं माणूस म्हणून आणलं होतं.

परत आले तर तिची नजर आधी माझ्या तळहातावर गेली.

"मावशी, हात पिवळा कशानं?"

"देवळात गेले होते," मी म्हणाले.

"देऊळ कुलपात हाय. किल्ली माज्या चुलत्याकडं." ती उभी राहिली. "तात्यांनी आन घातली न्हवं? काय सांगितलं? उद्या मला उठवनार हायत देवळातनं?"

"तसलं काही नाही गं."

"मग काय?"

मी मूठ मिटली. आक्का चुलीपाशी होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं, जिला कळायला हवं ती सोडून.

"न्हाई सांगत तर ऱ्हाऊ दे," मालन म्हणाली. "उद्या म्हनतेच मी. मग जे व्हायचं ते हू दे." त्यानंतर ती माझ्याशीही बोलली नाही. मी साबणानं दोनदा हात धुतला. पिवळा तो पिवळाच राहिला.

देऊळ

रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात शंभरेक माणसं जमली होती. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला. मंडळाचे लोक घोंगडी पसरून बसले होते, पुढे शिदूमामा. तात्या मागच्या खांबाला टेकलेले, मफलर तसाच. मी आक्कांच्या शेजारी. 

मालननं माईक उभा केला, स्पीकर पायरीवर ठेवला, मोबाइल रेकॉर्डिंगला लावला. शिदूमामांनी तोंड फिरवलं.

"झील कोन धरनार?" त्यांनी विचारलं. "आमी न्हाई. तुज्या बापाच्या जागंवर बसायची आमची छाती न्हाई."

"तुमी नका धरू मामा," मालन म्हणाली. "ज्याची जागा हाय त्यानं धरावी. न्हाई धरली तर ओळी पडल्या म्हनून समजंन, आन् परत हितं म्हनायला येनार न्हाई."

एवढं बोलून तिनं देवाकडे पाहिलं, कानावर हात ठेवला आणि सुरुवात केली. मोबाइलवर ऐकलेला तो आवाज तसा काहीच नव्हता हो! देवळाच्या दगडाला लागून तो आमच्या अंगावर येत होता.

*गेली मेंढरं घाटाखाली, वाट ऱ्हायली दारात.*

थांबली. ओळीएवढी थांबली. मंडपात कोणी खोकलं. बस्स. पहिली ओळ पडली.

*बा चालतो म्होरं म्होरं, काठी वाजती कानात.*

पुन्हा थांबली. ज्या जागांवर मी जीव टाकत होते त्या आता मला सोसवेनात. एकेक जागा संपता संपत नव्हती. बायकांत कुजबूज सुरू झाली. एक म्हणाली, "म्हातारा दगड हाय दगड." आक्कांनी ओठ चावला.  उठावं आणि ओरडून सांगावं असं वाटत होतं, बिरोबा काय करायचं ते करो. मालनचा आवाज किंचित कापायला लागला होता.

*हाक मारली डोंगराला, डोंगुर बोलंना.*

तिसरी पडली. आणि तेवढ्यात तात्या उठले.

सगळ्यांच्या माना वळल्या. "चाललं," कोणीतरी म्हणालं. मालननं ते पाहिलं. तिचे डोळे भरून आले, पण ती थांबली नाही. उलट आवाज चढवून तिनं पुढची ओळ त्यांच्या अंगावर फेकावी तशी म्हटली:

*बाची हाक लय मोठी, मला कुटंच गावंना.*

ही ओळ तिनं दिवाळीच्या आधी, काही माहीत नसताना बांधलेली. मी ती शेकडो वेळा ऐकली होती. त्या दिवशी ती ऐकताना मी आक्कांचा हात घट्ट धरला.

तात्या दाराकडे गेले नाहीत. ते पुरुषांमधून वाट काढत पुढे आले, खांद्यावरचं घोंगडं तिच्यासमोर अंथरलं, त्यावर बसले आणि माईक दोन्ही हातांनी धरून खाली ओढला. त्यांना तो कसा धरायचा तेही ठाऊक नव्हतं. स्पीकर कर्कश ओरडला. शिदूमामा अर्धवट उठले, "तात्या, माईक?" त्यांच्या तोंडून निघालं. तात्यांनी मफलर सोडला. पुढे बसलेल्यांना व्रण दिसला आणि तिथली कुजबूज एकदम थांबली.

मग त्यांनी डावा हात कानावर ठेवला, माईकला ओठ टेकवले आणि झील धरली. त्यात सूर नव्हता. उरला होता तेवढा सगळा श्वास होता. खरखरत, तुटत, पण सबंध देवळाला ऐकू गेला. आणि त्यांनी ओळ बदलली:

*बाची हाक लय मोठी... लेकीपाशी गावली.*

 मालन त्यांच्या गळ्याकडे बघत होती, मग आईकडे, मग माझ्या पिवळ्या हाताकडे. सगळं तिला त्या एका क्षणात कळलं असणार. ती गुडघ्यांवर बसली, तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, या वेळी पुरता ठेवला, आणि दुसऱ्या हातानं खूण केली. पुढं. ती हुंदके देत होती. त्यांनी माईक पुन्हा ओठांशी नेला. "म्हन की गं. जागा सोडलीस न्हवं माजी?"

शिदूमामांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले, कोणाकडेही न बघता ढोल पुढे ओढला आणि त्याच्या दोऱ्या ताणायला घेतल्या.

जळगाव

सोमवारी, मी जळगावला निघण्याआधी, मालननं माझ्यासमोरच पुण्याला फोन लावला. पलीकडचा माणूस बरंच बोलत होता. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "न्हाई सायेब. जागा मोकळी न्हाई." मला निरोप देताना तिनं माझा पिवळा हात तिच्या दोन्ही हातांत धरला. रागावली होतीस ना, असं मी विचारलं. "लय," ती म्हणाली, आणि हसली.

चार गाणी तिनं जशी होती तशीच ठेवली आहेत. पाचवं मात्र नवं आहे, देवळातलं, मागे ढोलाचं उशिरा सुरू झालेलं ठोकणं आणि मध्येच स्पीकरची ती किंकाळीसुद्धा तशीच. जगात कोणाला ते गाणं बिघडलेलं वाटेल. मी दुकानात रोज लावते. पहिल्या चार गाण्यांत मोकळ्या जागा आल्या की माझं मशीन पूर्वीसारखंच वाजतं. पाचव्यात चौथी ओळ आली की मी पाय उचलते आणि चाकावर हात ठेवून मशीन थांबवते. ते थांबल्याशिवाय तात्या ऐकू येत नाहीत.